से ओम

टिळक रोडला प्लायवूडच्या दुकानावर दुसरा मजला,
तिथं बसून मी नऊ वर्षं व्हिएतनाम विकते.
गेलेले नाही. पण विचारा.

हनोई ते सायगाव रेल्वेनं चौतीस तास,
मऊ शय्येचा डबा, चौघांत एक दार.
हुए सोडलं की डावीकडची खिडकी धरायची,
दा नांगच्या आधी समुद्र रुळांना खेटून चालतो.
हे इतक्यांदा सांगितलंय
की माझा डावा दंड जरा जास्त रापलाय
असं वाटतं कधी कधी आंघोळीला.

रात्रीच्या स्लीपर बसला चढतानाच बूट काढायचे,
पिशवी देतात, आपले आपण सांभाळायचे.
पाय लांब असतील तर देवाचं नाव घ्यायचं.
स्कूटर भाड्यानं मिळते,
पण आपल्या आरटीओचा परवाना तिथं चालत नाही
म्हटलं की कोथरूडची माणसं दुखावतात,
जणू मीच नापास केलं.

कुमुदिनी ओगले, वय एकाहत्तर,
टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त,
एक वाजून पाच मिनिटांनी आल्या. मी उघडलेला डबा मिटला.
वही काढली. समासासकट.

विमान नको. वरून काय दिसतं, कापूस.
ग्रुप नको. बायका खाकरे मोजत बसतात.
सिक्लो सांगितली: तीन चाकं, चालवणारा मागे, आपण पुढे.
"म्हणजे धडक आधी मला," म्हणाल्या, आणि काट मारली.
मेकाँगवर पहाटेची होडी?
"पोहता येतं. टिळक टँकला शिकलेय."
होडी लिहून घेतली.

मग राहिलं होतं ते सांगितलं,
या वयाला एरवी सांगत नाही:
से ओम.
नाक्यावर मोटारसायकल घेऊन माणूस उभा असतो,
भाव आधी ठरवायचा, मागे बसायचं.
"ओम कशाला त्यात?"
त्यांच्यात ओम म्हणजे मिठी, म्हटलं.
से म्हणजे गाडी.

पेन समासावर थांबलं.
खाली एक रिक्षावाला कुणाला तरी
कात्रजला नाही म्हणत होता, तेवढंच ऐकू येत होतं.
ओगलेबाईंनी ते लिहिलं नाही.
वहीला रबर लावलं आणि पैसे किती विचारलं.

परत आल्या त्या तक्रारी घेऊन, क्रमांक घालून.
गाडी दोन तास लेट, तुम्ही चाळीस मिनिटं म्हणाला होतात.
डावी खिडकी बरोबर, काच पुसलेली नव्हती.
बसमध्ये माझे बूट एका जर्मनानं नेले,
त्याचे मला आले, ते मी तिथंच ठेवले.
सातव्या क्रमांकापर्यंत मी माना डोलावल्या.

उठता उठता, पर्सची चेन लावत:
"हनोईला थंडी असते, ते नव्हतं सांगितलंत.
मी मागची कडी धरून बसले होते. बोटं बधिर.
त्या माणसानं सिग्नलला मागे वळून बघितलं,
माझे हात सोडवले
आणि स्वतःच्या जाकिटाच्या खिशांत घातले.
एकात शेंगा होत्या."

खाल्ल्या?

"दोन," म्हणाल्या. "विचारून."

संध्याकाळी धायरीची बस आली नाही.
पाऊण तासानं अॅपवर दुचाकी बोलावली.
पोरगा विशीचा. हेल्मेट दिलं,
त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी तेलाचा वास.
राजाराम पुलाशी वारा सुटला,
सिंहगड रोड नेहमीसारखा, इंच इंच.
मी मागची कडी धरलेली,
दोन्ही हातांनी, बोटं पांढरी होईपर्यंत.

त्याच्या जाकिटाचा डावा खिसा
वाऱ्यानं उघडत होता, मिटत होता,
थेट धायरी फाट्यापर्यंत.