उसनी खर्पुडी

मसाई पठारावर शाळेची सतरा पोरं.
कोल्हापूरहून आलेल्या बाईंनी आणलेत
दह्याच्या रिकाम्या कपांतले बोटभर वेल.
"खर्पुडी," बाई म्हणाल्या,
मग एक लांबलचक शास्त्रीय नाव.

धुळू येडगे हसला.
"गुरांमागं असताना काठीनं उकरून
खाल्ल्यात आम्ही. काकडीवानी लागायच्या.
भूक नसली तरी खायचो."

कुणीच काही बोललं नाही.
वारा त्याच्या सदऱ्यात शिरून फुगत राहिला.

मग त्यानंच दाखवलं –
इथं नको, पाणी तुंबतंय;
तिथं, कारवीच्या बुडाला, कातळाच्या फटीत,
डुकराचं नाक पोचत नाही तिथं.
कंद किती खोल?
त्यानं करंगळी वर धरली.
पोरांनी आपापल्या करंगळ्या मोजल्या.

भादव्यात एकटाच चढून आला.
चाळिसातले अकरा तगलेले.
एकाला फूल: हिरवट कंदील,
आत माशी अडकलेली.
सोडवायला बोट पुढं केलं, अन् आठवलं
बाईंचं बोलणं –
उद्या फूलच सोडतं तिला, पराग देऊन.

धुळू खाली बसला. तंबाखू मळली.
अंधार पडस्तोवर
माशीसंगट थांबला.