इतर काही असल्यास

बुलनारीच्या सभागृहाचं छत
पंख्याच्या बरोबर वर गळतं, दाराशी गळतं,
आणि युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली फळी आहे
तिथे जरासं बाजूला.
नावांना अजून पाणी लागलेलं नाही.

अर्ज सदतीस पानांचा.
ग्लेनिस टाइप करते, आम्ही पाचजण मागे
चहाचे कप धरून उभे,
जणू ती कुणाचं तरी पोट उघडतेय.

लाभार्थी किती?
एकसष्ट, लायल म्हणाला.
मोजायला बसलो तर एकोणसाठच.
पेथरिकांचा मुलगा गेला ना ॲडलेडला,
आणि त्याच्या मागोमाग त्याची आई.
टेगनच्या पोटातलं धरायचं का?
नाताळपुरते येतात ते?
आणि गव्हाच्या हंगामात रात्री ट्रक थांबवून
आपल्या नळावर तोंड धुतो तो जसकरण?
"धरा," ग्लेनिस म्हणाली,
"आणि त्याच्याकडून शिफारसपत्रही घ्या."
दिलं त्यानं. एका ओळीचं.
नळ चांगला आहे.

तुमचं स्वतःचं योगदान:
लायलचा ट्रॅक्टर, तीन दिवस.
मर्व्हची शिडी, एक पायरी नसलेली.
ग्लेनिसची झोप. तिचा दर तक्त्यात सापडला नाही.

मोजता येतील असे परिणाम:
इथे आम्ही बराच वेळ गप्प.
बाहेर तारेवर गुलाबी काकाकुवांची कचेरी भरलेली.
"बादल्या," मर्व्ह म्हणाला.
"आत्ता नऊ. नंतर शून्य."

आठ महिन्यांनी कॅनबेराहून पत्र.
कळवण्यास आनंद होतो.
छताला नाही, त्याचं पुढल्या फेरीत बघू.
पैसे रॅम्पला,
जो आम्ही पान एकतीसवर
जागा रिकामी दिसते म्हणून लिहिला होता.
"छप्पर मागितलं, ओटा दिला,"
लायल तेवढंच बोलला आणि सिमेंट आणायला गेला.

दोन शनिवार लागले.
ओल्या सिमेंटवरून कुणाचं तरी कुत्रं चालून गेलं,
ते पंजे तसेच राहू दिले.

एनिड प्रॉसर, वय एक्क्याण्णव.
अकरा वर्षं रस्त्यापलीकडच्या खिडकीतून बघायची
आमचे नाच, लिलाव, दफनानंतरचे चहा.
मध्ये चार पायऱ्या.
चारच. आमच्यातल्या कुणी कधी मोजल्या नव्हत्या.

ती आली नेमकी पावसात.
खुर्ची सरळ आत, थेट त्या फळीपर्यंत,
वडिलांच्या नावासमोर.
आम्ही धावलो, बादली सरकव, खुर्ची मागे घे.
"असू दे," म्हणाली,
आणि बादली उचलून मांडीवर घेतली.

टप्.
बराच वेळ काही नाही.
टप्.

अंतिम अहवालात शेवटचा रकाना:
इतर काही असल्यास, पन्नास शब्दांत.
ग्लेनिसनं तासभर लिहिलं, खोडलं,
चहा गार झाला, पुन्हा लिहिलं.
पाठवलं ते एवढंच:
बादल्या जमिनीवर आठ.
एनिडच्या मांडीवर एक.