टांगणी

त्सिआलाच्या खोलीत ती टांगणी अजून आहे:
भिंतीभर लोखंडी दांडी, तिला बारीक आकडे.
पूर्वी त्यांवर फिल्मच्या पट्ट्या लोंबायच्या,
कुणाची पाठ, कुणाचा कान, अर्धाच जिना.
आता सगळं कॉम्प्युटरच्या पोटात.
आकड्यांना तिचा कोट, कांद्यांची पिशवी,
माझी ओली छत्री.

बाचोने सिनेमा आणलाय.
सहाव्या मजल्यावर एक बाई एकटी,
आणि खाली लिफ्टच्या डब्यात कुणीतरी नाणं टाकतं.
(आमच्या तिबिलिसीत जुन्या इमारतींत
वर जायलाही पैसे पडतात.)
बाचोने काही म्हणून सोडलेलं नाही:
बूट, हातमोजा, सुरीचं पातं,
पात्यात थरथरणारा दिवा,
वर एकदम किंचाळणारी चाळीस व्हायोलिनं.

त्सिआला आधी सुरी काढते.
मग बूट. मग हातमोजा.
व्हायोलिनं तिने पुरती ऐकलीसुद्धा नाहीत.
"मग उरलं काय?" बाचोचा आवाज चढतो.
"दार," ती म्हणते.

दार,
आणि दाराकडे पाठ करून अक्रोड फोडणारी बाई.

दृश्याच्या तळाशी ती फ्रीजची घरघर अंथरते,
इतकी हलकी की मलाही कळत नाही.
बाई एक अक्रोड फोडते, दुसरा फोडते,
तिसऱ्याला फ्रीज बंद पडतो.
तेव्हा कळतं, इतका वेळ काहीतरी वाजत होतं.
आणि त्या रिकाम्या जागेत
खालून लिफ्ट येते.

"भिती दाखवू नकोस रे, लोकांना मोजायला लाव.
मोजणारा माणूस खुर्चीतून उठत नाही."

खट. पहिला.
खट. दुसरा.
प्रत्येक मजल्याला एकेक खटका, सारख्या अंतराने,
घड्याळावर विश्वास बसावा तसा विश्वास बसेपर्यंत.
मग चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये
तिने बारा फ्रेम घातल्या.
अर्धा सेकंद.
इमारत तेवढीच उंच राहिली,
माझ्या घशातली थुंकी मात्र गिळायची राहून गेली.

बाचो गेल्यावर मी विचारलं,
हे कुठे शिकलात?
मला वाटलं, मॉस्कोच्या एखाद्या मास्तरांचं नाव सांगेल.

ती म्हणाली, लढाईचा हिवाळा.
वीज नाही, लिफ्ट मेलेली, मी एकोणीस वर्षांची.
गुराम, माझा भाऊ, पाव आणायला गेलेला.
आई आणि मी अंधारात बसून
जिन्यावरची पावलं मोजायचो.
गुरामचा डावा पाय किंचित घासायचा,
म्हणून त्याचं पाऊल ओळखू यायचं.
त्या रात्री कुणीतरी चढत होतं.
पाय घासत होता, असं आईला वाटलं.
मला नाही वाटलं.
दुसरा मजला. तिसरा.
चौथ्यावर पावलं थांबली.

आणि त्सिआला गप्प झाली.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
पडद्यावर बाईच्या हातात अक्रोड, न फुटलेला.
"मग?" मी म्हटलं.
तिने दृश्य मागे नेलं, डोळे बारीक केले,
बारा फ्रेमच्या चौदा केल्या.
"आता बरं झालं," एवढंच बोलली,
कोट काढला आकड्यावरून, दिवा घालवायला मला सांगून निघून गेली.
कांदे तिथेच विसरली.

मी पिशवी घेऊन तिच्या इमारतीपाशी आले
तेव्हा साडेदहा झाले होते.
खिशात नाणं होतं. तरी जिन्याने गेले.
पहिला, दुसरा, तिसरा,
मोजायचं नाही असं ठरवून मोजत.
चौथ्यावर दम लागला म्हणून थांबले,
पिशवी भिंतीला टेकवली,
आणि वर, दोन मजले वर,
कुणीतरी चालू रेडिओ बंद केला.

मी जागची हलले नाही.
ती ऐकत होती.
पुढचं पाऊल कसं टाकावं,
घासून की न घासता,
मला ठरवता येईना.