पायरीचा विषय

आमच्या घटनेत सतरा कलमं.
सोळा दुसऱ्या मंडळाच्या घटनेवरून उतरवलेली,
सतरावं मात्र आमचं स्वतःचं:
पावडर जपून वापरावी.

साखर पेठ. टॉवेलच्या कारखान्याला चिकटून खोली.
मागांची खटखट भिंतीतून आत येते,
म्हणून आम्ही सगळेच मोठ्यानं बोलतो
आणि नव्या माणसाला वाटतं, इथं भांडणं चालतात.

त्या बुधवारी खरंच भांडण होतं.
मल्लिनाथ हत्तुरेनं अंबादास येमुलच्या थोबाडीत मारली.
एकच.
राणी घेतली होती, तिच्यावर सोंगटी पडायची राहिली.
समोरचे दोघे नव्हे हो, जोडीदार!
बावीस वर्षं एकमेकांसमोर बसलेले.
कलम आठ लिहिताना
असं काही आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शिस्तपालन समितीच्या पहिल्या तारखेला गणपूर्ती झाली नाही.
पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं,
सभासद घागरींपाशी.
दुसऱ्या तारखेला दस्तगीरभाई अध्यक्ष.
गिरणीत जॉबर होते; ती बंद पडली त्या दिवसापासून
निकाल सांगायचा म्हटलं की त्यांचा घसा बसतो.

हत्तुरे, तुमचं म्हणणं?
कलम वाचा, म्हणाला मल्लिनाथ.
येमुल, तुमचं?
अंबादास तेलुगूत काहीतरी पुटपुटला.
इतिवृत्तात मी लिहिलं,
‘तक्रारदाराने मौन पाळले.’

मला तेलुगू येतं. माझं अर्धं बालपण दाजी पेठेत गेलंय.
तो म्हणाला होता,
याचा हात वर्षभर थरथरतोय,
तेही लिही ना.
त्या बुधवारीही थरथरला होता. स्ट्रायकर भलतीकडेच गेला,
आणि अंबादास हळूच म्हणाला होता,
राहू दे, पुढचा तुझाही मीच मारतो.

कारण इतकंच. पण कारणासाठी
आमच्या नोंदवहीत रकाना नाही.

सहा महिने निलंबन.
‘सदर सभासदास मंडळाच्या जागेत प्रवेश नाही.’
मल्लिनाथनं सही केली, वेळ लागला सहीला,
आम्ही सगळे पंख्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला
तो आला, आणि पायरीवर बसला.

आता पायरी कुणाची?
भाडेपावतीवर आहे, खोली एक, दहा बाय बारा.
पायरीचा उल्लेख नाही.
खालची फरशी गटारीवरची, म्हणजे महापालिकेची.
खजिनदार म्हणतात, पायरी ती आपलीच, दर रविवारी आपणच धुतो.
विषय पत्रिकेवर घ्यावा लागला.

आत अंबादास रिकाम्या खुर्चीसमोर.
मी एक चांगला पोरगा सुचवला, रेवणसिद्ध,
हात असा की स्ट्रायकर बोलतो.
अंबादास म्हणाला, बसू दे की त्याला, दुसऱ्या बोर्डावर.
मग उठतो, चहा अर्धा करतो,
अर्धा बाहेर नेतो.
दाराच्या चौकटीतून दोन पाठी दिसतात,
मध्ये एक बशी.

काल तिथूनच आवाज आला, डावीकडून घे.
तिघे खेळत होतो, हात थांबले सगळ्यांचे.
बाहेरून सल्ला देण्याबाबत
घटनेत काही नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं.
अंबादासनं डावीकडून घेतली.
राणी गेली. मग तिच्यावरची सोंगटीही.
कुणी काही बोललं नाही, माग सोडून.

विषय क्रमांक सहा:
पायरी मंडळाच्या जागेत मोडते किंवा कसे.
चर्चा झाली. मोजमाप करून पुढील सभेत ठेवावे.
पुढील सभा: टेप उपलब्ध न झाल्याने तहकूब.
त्यापुढील: पाण्याचा दिवस, गणपूर्ती नाही.
चौथा महिना चालू आहे.
दस्तगीरभाई दर वेळी मला विचारतात,
टेप मिळाला का हो, चिटणीस?
आणि उत्तराची वाट न बघता
चपला शोधू लागतात.

टेप माझ्याच खणात आहे,
पावडरच्या डब्याखाली.