छेद समान करताना

बोटीतून तिघं उतरली, गुडघाभर पाण्यात,
चपला हातात, करार प्लास्टिकच्या पिशवीत.
भगिनी शाळा : त्यांची, आणि आंबाए बेटावरची आमची.
आम्ही गळ्यात फुलं घातली, लापलाप वाढलं.
मुलांनी पाठ केलेल्या दोन भाषांत स्वागत म्हटलं
आणि तिसऱ्या, घरच्या भाषेत कुजबुजली
की पाहुणीच्या नाकाचा टोमॅटो झालाय.

मुख्याध्यापिका मी, सही माझीच.
पान चौथं : शिक्षकांची देवाणघेवाण.
‘देवाण’पाशी मी जराशी अडखळले.
पण पेन त्यांचं होतं
आणि ओहोटी लागायच्या आत बोट निघायला हवी होती.

मग ब्रोनविन बाईंनी सहज विचारलं,
गणित कोण शिकवतं?

फळ्यावर अजून त्याचंच अक्षर होतं.
अपूर्णांकांची बेरीज, छेद समान करण्याची रीत.
फेब्रुवारीपासून कुणी पुसलं नव्हतं;
मीच पुसू दिलं नव्हतं.
एझ्रा गराए, मी म्हटलं. तुमच्याकडेच असतो.
तुमच्या गावात. किवीच्या मळ्यात.

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
आमच्या मैदानाच्या कुंपणापलीकडेच मळा आहे तो.
रोज सकाळी पांढरी व्हॅन जाते,
माणसं हात करतात, आम्हीही करतो.
फार हसरी आहेत सगळी.

हो, एझ्रा हसरा आहे.
जाण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात त्यानं मांडलं होतं :
तिथला एक आठवडा = इथला एक महिना.
मी तपासलं. बरोबर होतं.
गणितात तो कधी चुकला नाही.

त्याच्या रोसीनाची फी सगळ्यांच्या आधी जमा होते.
तिच्या वर्गाला गणिताचा मास्तर नाही.

पाहुण्यांनी खोकं उघडलं : वीस टॅब्लेट,
आत एक गोरा, उत्साही मास्तर
बर्फाळ खिडकीपाशी पिझ्झा कापतो
आणि विचारतो, माझ्या वाट्याला किती आला?
पोरं एकमेकांकडे बघतात.
वर्षभर फुकट आहे, बाई म्हणाल्या.
पुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. वाईट नव्हत्या हो त्या.
निघताना रडल्या, आणि छत्री विसरल्या.

एझ्राचा फोन आला तेव्हा आम्ही
छोटा फळा उचलून टेकडीवर नेला,
दवाखान्यामागे, जिथं रेंज मिळते.
जेवणाची सुट्टी आहे, तो म्हणाला, स्पीकरवर ठेवा मला.
सव्वीस पोरं गवतात बसली.

“एका खोक्यात तेहतीस फळं.
अकरा डागी निघाली, बाजूला काढली.
चांगली किती? अपूर्णांकात सांगा. घाई नको.”
मागून कुणीतरी त्याला ‘एझी’ म्हणून हाक मारली.
तो थांबला, मग पुन्हा आमचा झाला.
“एकातून वजा करायचंय. आधी एकाचा छेद...”

रोसीनानं लिहिलं : एक वजा अकरा छेद तेहतीस.
मग बरोबरच्या दोन रेघा.
आणि बॅलन्स संपला.

मी इतिहास शिकवते.
उत्तर मला येत होतं, तरी सांगितलं नाही.
खडू तिच्या बोटांत, वारा भरपूर,
आणि फोन पुन्हा वाजेल म्हणून
सव्वीसजण एका दगडाकडे बघत,
ज्यावर तो ठेवला होता.