चौदा वाटे

आठ कॉलेजं, सात सामने,
म्हणजे चौदा वाटे.
जो संघ जितक्यांदा मैदानात उतरला, तितके त्याचे.
सूत्र प्राचार्य तुंगारांचं. फळ्यावर लिहून
त्यांनी खडू असा खाली ठेवला
की गणित नव्हे, न्यायच सुटला.

मी हिशेब वाचला.
तिकीट वीस रुपये.
शुक्रवारी दोनशे अकरा, शनिवारी सहाशे चाळीस,
रविवारी नऊशे तीस.
चिवड्याचे, उसाच्या रसाचे स्टॉल, ट्रॅक्टर शोरूमचा फलक.
वजा मांडव, पंचांचं मानधन, फक्की,
नवे दोन खांब.
शिल्लक बेचाळीस हजार तीनशे सत्तावन्न.

सिन्नरचे म्हणाले, सरळ आठ भाग करा.
नाशिकरोडचे हसले. चषक त्यांच्याकडे होता.
म्हणाले, गर्दी जिंकणाऱ्याला बघायला येते.
आमचे उपप्राचार्य म्हणाले, मैदान कुणाचं?
चहाचे सात कप आले, आठवी खुर्ची रिकामी होती.
सुरगाण्याचे पालवी सर अजून एसटीत होते.

मी गप्प. हेडक्लार्कला मत नसतं,
स्थळप्रती असतात.

आणि स्थळप्रती बघता बघता मला खिडकी दिसायला लागली,
गंगापूर रोडच्या बाजूची, जाळीची,
जिच्यामागे तीन दिवस मी बसले होते.

शुक्रवारी दुपारी सुरगाण्याची एक पोरगी
पाठीवर चिकटपट्टीचा नऊ लावून
पाच मिनिटं दहा सेकंद धावली होती, नाबाद.
खांबाला हात लावून अशी वळायची
की पाठलाग करणारीच अडखळायची.
संघ हरला, एका गुणाने.
संध्याकाळच्या गाडीने सगळ्या परत गेल्या.

पण मोबाईलवर ती धावतच राहिली.
शनिवारी सातपूरची पहिली पाळी सुटली
आणि माणसं डबे घेऊन थेट खिडकीशी आली.
"बाई, ती सुरगाण्याची आज आहे का?"

पहिल्याला मी सांगितलं, नाही.
तो वळला आणि निघून गेला.
दुसऱ्याला म्हटलं, आत बघा.
आणि तिकीट फाडलं.
त्यानंतर मी कितीदा म्हटलं, आत बघा,
याची स्थळप्रत नाही.

पालवी सर आले. बारा वाजून गेले होते.
घाम पुसत बसले, फळा वाचला,
बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान डोलावली.
तीन हजार पंचवीस.
मी पावती पुढे केली. त्यांनी खिसे चाचपले,
मी माझं पेन दिलं.

"सर, त्या नऊ नंबरचं नाव काय?
स्कोअरशीटवर नुसतं भोये जे. आहे."
"जयवंती," ते म्हणाले. "का हो?"
आता सांगायचं होतं.
केबिनभर सात माणसं, सात कप, एक फळा.
मी म्हटलं, "रेकॉर्डसाठी."

जाताना त्यांनी एवढंच विचारलं,
"तुम्ही नवे खांब घेतलेत ना?
मग जुने कुठे टाकले?"
जिन्याखाली होते. एकाला उभी चीर गेलेली.
शिपाई निवृत्ती आणि मी, दोघांनी रिक्षात घातले,
टोकं बाहेर काढून, लाल रुमाल बांधून.
सीबीएसवर कंडक्टर बघत राहिला,
म्हणाला, याचं लगेज लागेल.
सरांनी पाकीट फोडलं,
वाट्यातली पहिली नोट तिथेच गेली.

परत आले तेव्हा फळा पुसलेला होता.
चौदांनी भागून सात रुपये उरले होते.
वहीत रकाना शोधला.
किरकोळ जमा, असं लिहिलं,
आणि मग बराच वेळ
पेनाचं टोपण लावलं नाही.