गेटपर्यंतची हमी

कुदायबेर्गेनच्या बाजारात सकाळी सातला
लोखंडाला अजून रात्रीचा गारवा असतो.
कंटेनरांच्या गल्लीत दारं, बंपर,
डोळे काढून ठेवावेत तसे मांडलेले दिवे,
आणि मी, बात्मा, रेडिएटरचं झाकण
मापाला म्हणून रुमालात बांधून आणलेली.

आमचा गाझ त्रेपन्न माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
ओर्मोन म्हणतो, विकून टाक.
ओर्मोनने पेट्या पाठीवर घेऊन घाट चढून दाखवावा,
मग बोलू.

मेच्या शेवटी, एका रात्रीत,
माश्यांना वरच्या शेतांवर पोचवायचं असतं.
एस्पार्सेट गुलाबी होऊन वाट बघत नाही.
रात्र लहान, घाट लांब.

गेल्या साली वरच्या वळणावर गाडी उकळली.
उंचावर पाणी लवकर चिडतं,
खाली सोसतं तेवढं वर सोसत नाही.
ऊन आलं तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला.
जाळ्यांना आतून माश्या चिकटलेल्या.
साठातल्या अकरा पेट्यांचा आवाज आधी वाढला,
मग
नाही.
फळीच्या फटीतून मेण आणि मध ओघळत होता.
मी त्याला बोट लावलं नाही.

इस्मार चहाचा पेला खाली न ठेवताच म्हणाला,
"नवा घे. चिनी. ॲल्युमिनियम. नऊ हजार सोम."
उचलून पाहिला. पोरीच्या दप्तराएवढा हलका.
पण घाटात फुटला तर
याला डाख कोण लावणार?
नऊ हजार म्हणजे साडेबावीस किलो मध,
मी सगळे हिशेब मधातच करते.

"मग हा. तांब्याचा. चार हजार.
मोडीत काढलेल्या अग्निशमन गाडीचा.
फारसा चाललेला नाही,
आग कमी लागते आमच्या गावात."
दहा किलो.

"आणि तुझा जुना देऊन टाक,
तांब्याचे तीन हजार कापतो."
हे तो फार पटकन बोलला.
घाईत सांगितलेल्या भावाला
आत दुसरा भाव असतो.

मी बादली मागितली.
नव्यात पाणी ओतलं: सात मोजेपर्यंत खाली.
जुन्यात: एकवीस. तांबूस,
आणि शेवटी एक मेलेली गांधीलमाशी,
शत्रूने पाठवलेल्या चिठ्ठीसारखी.

गल्लीच्या टोकाला व्हिक्टर गेनरिखोविच बसतो.
त्याने नळीला तोंड लावून फुंकलं,
वास घेतला, थुंकला.
"चुना आहे. दोन रात्री व्हिनेगर.
दोन नळ्या गेल्यात, त्या तुझ्या जुन्यातून काढू.
त्या माणसाला जुना देऊ नकोस,
तो तुझ्याच नळ्या तुलाच विकेल."
मजुरी आठशे. म्हणजे दोन किलो.
त्यातला एक त्याने आगाऊ मागितला,
बायकोला खोकला आहे म्हणाला.

"हमी?" मी दोघांनाही विचारलं.
इस्मार: "गेटपर्यंत."
व्हिक्टर बराच वेळ डाखाकडे बघत राहिला.
"घाटाच्या पायथ्यापर्यंत माझी.
वर तू आणि तो."

दोन दिवस घरभर लोणच्याचा वास.
पोरगी न्हाणीघरात जायला तयार नाही.

आणि मग ती रात्र.
तापमानाचा काटा चार वर्षांपासून एकाच जागी मेलेला,
म्हणून दर तिसऱ्या वळणावर मी थांबते,
बॉनेटवर तळहात ठेवते,
कपाळावर ठेवतात तसा.
गरम. पण माणूस सहन करील इतकंच.

खिंडीत इंजिन बंद केलं.
वाऱ्यामागे हळूहळू त्यांचा आवाज ऐकू आला.
मी डावीकडून कान लावत गेले,
ओर्मोन उजवीकडून.
माझ्या एकोणपन्नास भरल्या.
त्याच्या अठ्ठेचाळीस.
आम्ही बॅटरी लावून
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.